सैल केलेल्या तारा

धाकट्या वहिनींना खिडकीशी बसवायचं की दाराशी, यावरून गाडी सुटायच्या आधीच काका-काकूंची जुंपली होती.

"खिडकीशी ऊन लागेल तिला," काका म्हणाले.

"बाहेर ढग भरलेत, अहो. आणि दाराशी ठेवलीत तर येणारा-जाणारा प्रत्येक जण ठेचकाळणार. पहिले तुम्हीच."

धाकट्या वहिनी म्हणजे बाबांचा चेलो, व्हायोलिनसारखंच पण बसून वाजवायचं मोठं वाद्य. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आई त्याला सवत म्हणायची, तेव्हा काकांनी आपल्या बाजूने नातं जोडून टाकलं होतं. माणसाएवढी उंच, काळी, टणक पेटी. तिला सामानाच्या डब्यात टाकायची सोय नाही, म्हणून तिचं वेगळं तिकीट आणि वेगळी जागा. बाबा आणि काका-काकू या तिघांनी चाळीस वर्षं एकत्र वाजवलं. बाबांचा चेलो, काकांचं व्हायोलिन, काकूंचा पियानो. सीमेपलीकडच्या संगीत महोत्सवाचं आमंत्रण आलं तेव्हा बाबांनी हसत हो म्हटलं होतं. उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या जागी आता त्यांची मुलगी निघाली होती. ती स्वतः शाळेत चेलो शिकवायची, केसांत चांदी आली होती, तरी काका-काकूंच्या लेखी ती अजून छोटीच होती.

"छोटी, तू सांग. खिडकी की दार?"

"खिडकी," छोटी म्हणाली, कारण काही तरी एक ठरलं असतं म्हणजे पट्टा बांधून बसता आलं असतं. तिने पेटी उचलून तिरकी केली, दोन बाकांच्या मधून वळवली, आणि त्याच वेळी पेटीच्या आत काहीतरी टक्‌ करून वाजलं. मग ते गडगडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं. आवाज अगदी लहान होता, रिकाम्या कपाटात पेन्सिल घरंगळावी इतका.

काका डब्याच्या वरच्या फळीवर बॅग चढवत होते आणि ती कशी चढवू नये हे काकू सांगत होत्या. दोघांनीही ऐकलं नाही.

छोटीने पेटी हळूच जागेवर टेकवली, पट्टा बांधला, आणि शेजारी बसली. आत काय सुटलं ते बघायची तिला गरज नव्हती.

चेलोच्या पोटात एक लाकडी दांडी उभी असते. बोटाएवढी जाड, वीतभर लांब. तिला ना खिळा असतो ना सरस. चार ताणलेल्या तारा आपल्याखालच्या लाकडी घोडीला दाबतात, घोडी वरच्या फळीला दाबते, आणि त्या दाबाखाली, वरची फळी आणि खालची फळी यांच्यामध्ये अडकून, दांडी नुसती उभी राहते. वरचा कंप ती खाली पोचवते. सुतभर इकडे सरकली तर आवाज कोरडा होतो, सुतभर तिकडे गेली तर घोगरा. बाबांच्या चेलोची दांडी एका म्हाताऱ्या कारागिराने बसवली होती. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो ती सरकवत होता, बाबा वाजवत होते आणि मान हलवत होते. शेवटी बाबा म्हणाले, "बस. आता हिला कुणी हात लावायचा नाही." त्यानंतर कुणी लावलाही नाही. तो कारागीर केव्हाच गेला होता. बाबांचा जो आवाज लोक ओळखायचे, जो भिंतीपलीकडूनही कळायचा, त्यातला अर्धा बाबांच्या हातात होता आणि अर्धा त्या दांडीच्या जागेत.

आणि ती जागा छोटीने मोडली होती.

प्रवासात तारा थोड्या सैल कराव्यात, हे बाबांचंच सांगणं. थंडीत गाडीतले हीटर हवा कोरडी करतात, लाकूड आकसतं, वरून तारांचा ताण, की फाटलीच फळी. बाबा खुंटी जेमतेम अर्धा वेढा फिरवायचे. छोटीने काल जेवणानंतर पेटी उघडली आणि अर्ध्या वेढ्याने तिचं समाधान होईना. तिने एकेक करत चारही तारा उतरवल्या, घोडी पडणार नाही एवढ्याच ठेवल्या, आणि वर शालही पांघरली. बाबांच्या आजारपणातही ती अशीच करायची. उशी सारखी करायची, पुन्हा सारखी करायची, खिडकी उघडायची, लावायची. एकदा बाबा म्हणाले होते, "अगं, जरा बसशील का?"

आज संध्याकाळी कार्यक्रम होता.

गाडी सुटली. तिकीट तपासनीस आला. त्याने तीन माणसं मोजली, हातातली चार तिकिटं पुन्हा मोजली आणि भुवया उंचावल्या.

"चौथा प्रवासी कुठे आहे?"

"या काय बसल्यात," काकांनी पेटीकडे हात केला. "बोलत नाहीत फारशा. पण एकदा सुरू झाल्या की आम्हाला कुणी विचारत नाही."

तपासनीस हसला आणि पेटीला सलाम करून गेला. छोटीही हसली. आपलं हसू तिला लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं.

सांगायचं होतं, तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण काका त्या दिवशी फार खुशीत होते. बाबा गेल्यापासून त्यांनी व्हायोलिनला हात लावला नव्हता. महोत्सवाला नकार कळवायचा असंच त्यांनी ठरवलं होतं, मग एक दिवस ते छोटीच्या दारात उभे राहिले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "तू चल. पण तुझा नको, त्याचा चेलो आण." त्यांची अट एवढीच होती. छोटीचा स्वतःचा चेलो घरी कोपऱ्यात उभा होता, धडधाकट, चारही तारांसकट.

गाव मागे पडलं, शेतं सुरू झाली. काकूंनी उकडलेली अंडी सोलली. काकांनी हात पुसले, डब्याचं दार सरकवून बंद केलं आणि टाळी वाजवली.

"चल, काढ बाहेर. मधला संथ भाग एकदा वाजवून घेऊ."

"आत्ता?"

"मग कधी? स्टेजवर?"

"काका, गाडी हलतेय."

"गाडी हलायलाच असते. थांबली तर काळजी."

"अहो, शेजारी माणसं झोपलीत," काकू म्हणाल्या.

"मग बरंच आहे. झोपलेल्यांना संथ भागच चालतो."

दांडी पडलेली असताना तारा ताणल्या तर खालून आधार नसलेली फळी खचते. म्हणजे वाजवणं सोडाच, तारा स्वरात आणणंसुद्धा शक्य नव्हतं. छोटी म्हणाली, "इथे हीटर फार आहे. बाहेरून गारठ्यातून आणलाय, लाकूड जरा इथल्या हवेला रुळू दे."

लाकडाचं कारण काकांना पटलं. लाकूड म्हटलं की ते ऐकायचे. "अर्धा तास," म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून डोळे मिटले.

छोटी बाहेर बोळात गेली. खिडकीला टेकून तिने महोत्सवाच्या ऑफिसचा नंबर फिरवला. पलीकडून एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. छोटीने दोघींना येत असलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत सुरुवात केली, "चेलो... आत... पडलं..." आणि गाडी बोगद्यात शिरली. बोगदा संपला तेव्हा फोनही संपला होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. डोंगर सुरू झाले होते. फोनच्या पडद्यावर सिग्नलची एकही रेघ उरली नव्हती.

ती आत आली तर काका जागेच.

"रुळलं का लाकूड?"

"माझं बोट दुखतंय, काका."

"कुठलं?"

"हे." तिने डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं.

काकांचा चेहरा उतरला. काकूंनी पर्समधून मलम काढलं आणि बोट हातात घेऊन बराच वेळ चोळलं. पुढे चहा आला, छोटीने कप उचलला, आणि काकांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" तर तिने चटकन उजव्या हाताचं बोट दाबून म्हटलं, "आहे अजून ठणकत."

काकूंनी चष्म्यावरून एकदा बघितलं. मग खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "मघाशी डावं होतं." छोटीने दोन्ही हात मांडीखाली सारले.

सीमेवर गाडी थांबली. थांबली ती थांबलीच. बोळातून बुटांचे आवाज आले, दारं सरकल्याचे आवाज आले. आडव्या बांध्याचा, नाक लाल झालेला एक अधिकारी आत आला. पासपोर्ट बघितले, बॅगांवरून नजर फिरवली, आणि पेटीपाशी येऊन थांबला.

"उघडा."

छोटीने पट्टा सोडला, पेटी बाकावर आडवी केली, कड्या उघडल्या. शाल बाजूला झाली. सैल तारा बघून काकांच्या कपाळावर आठी आली. पण तोवर अधिकाऱ्याने, मांजराचं पिल्लू उचलावं तसा, चेलो मानेला धरून बाहेर काढला होता.

टक्‌. गड गड गड.

अधिकारी थबकला. त्याने चेलो हलवला. आत काहीतरी इकडून तिकडे गेलं. त्याच्या डोळ्यांत, दिवसभर कंटाळलेल्या माणसाच्या डोळ्यांत येते तशी, चमक आली.

"आत काय आहे?"

काका उभे राहिले होते. त्यांनी छोटीकडे पाहिलं नाही.

"पुन्हा हलवा," ते अधिकाऱ्याला म्हणाले.

असं त्याला आजवर कुठल्या प्रवाशाने सांगितलं नसावं. पण त्याने हलवला. काकांनी ऐकलं आणि ते खाली बसले.

"लाकूड आहे," काकू पुढे झाल्या. "आतला भाग. सुटलाय. लाकूड, नुसतं लाकूड."

"बाहेर काढा."

तेव्हा छोटीने बाबांचा चेलो उलटा धरला. त्याच्या पोटावर दोन वळणदार फटी असतात, त्या फटी खाली करून, कडेवरच्या मुलाला उलटं करावं तसा, ती त्याला हळूहळू डोलवू लागली. आत दांडी फटीशी यायची, अडायची, परत जायची. अधिकारी टॉर्च मारून वाकून बघत होता. दारात आणखी दोन प्रवासी येऊन उभे राहिले. छोटीचे दंड भरून आले. शेवटी दांडीचं टोक फटीतून बाहेर डोकावलं, आणि काकांनी खाली ओंजळ धरली. ती त्यांच्या तळहातात पडली.

अधिकाऱ्याने ती घेतली, नखाने टोकरली, नाकाला लावली. जुन्या लाकडाचा तुकडा. टोकांना तिरका छेद.

"एवढंच?"

"एवढंच," काका म्हणाले.

त्याने ती परत दिली. निराश झाला बिचारा. दार लावून गेला.

गाडी हलली. काकांनी दांडी मुठीत धरली होती.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"सकाळी. पेटी वळवताना."

"तारा किती उतरवल्यास?"

"चारही."

"चारही. एकदम."

"फळी फाटू नये म्हणून, काका. हीटरने..."

"फाटली असती तर सरस लावला असता!" काकांचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या भिंतीवर कुणीतरी ठोठावलं. "फाटलेलं चिकटवता येतं, छोटी. ही जागा कुठून आणू? कुणाला विचारू?"

"अहो, ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये."

"सगळी गाडी ऐकतेय."

"ऐकू दे!" मग एकदम त्यांचा आवाज बसला. "मला त्याचा आवाज एकदा ऐकायचा होता. समोरून. एकदाच. नाहीतर या गुडघ्यांनी एवढ्या लांब कोण आलं असतं?"

हा चेलो वाजवायचा म्हणून छोटीही आली होती. घरी सराव करताना ती शेवटचा स्वर विझेपर्यंत गज तारेवरून उचलायची नाही. आई दारात येऊन उभी राहायची आणि तो संपला की परत जायची. ते सगळं आता काकांच्या मुठीत होतं.

काकू उठून तिच्या शेजारी बसल्या.

"माझ्याकडे बघ. बोट दुखत नाहीये ना? एकही?"

"नाही."

"मग झालं तर. बाकीचं बघता येईल." डोंगर संपले होते. काकूंनी फोन काढला आणि पुढचा पाव तास, तीन भाषांची खिचडी करत, महोत्सवाच्या ऑफिसातल्या त्या बाईला चेलोच्या पोटाचं वर्णन ऐकवलं. शेवटी त्यांनी फोन ठेवला. "वाद्यं दुरुस्त करणारी एक बाई आहे. ती सभागृहावर येईल. सर्दी झालीय म्हणे तिला, पण येईल."

"आली तरी ती काय करणार?" काका खिडकीकडे बघत म्हणाले.

"दांडी उभी करेल. तुम्ही तर बसूनच राहिलात."

सीमेवर वेळ गेल्याने गाडी उशिरा पोचली. हॉटेलात जाण्यात अर्थ नव्हता. टॅक्सीने ते थेट सभागृहाच्या मागच्या दारी उतरले. लांबलचक बोळ, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि शेवटी एक खोली: एक जुना पियानो, एक आरसा, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या. दुरुस्तीवाली आधीच येऊन बसली होती. उंच, चाळिशीची, बाहीत रुमाल खोचलेला. ती नमस्कार-चमत्कार न करता थेट चेलोकडे वळली, फटीतून छोटा दिवा आत सोडला आणि दाताच्या डॉक्टरसारखा आरसा घालून बराच वेळ बघत राहिली.

"आत खुणा चार-पाच आहेत," ती शिंकत म्हणाली. "वेगवेगळ्या काळातल्या. शेवटची कुठली, ते सांगता येत नाही. तुम्हाला काही आठवतं?"

छोटीने नकारार्थी मान हलवली. आत काय होतं ते कुणी कधी बघितलंच नव्हतं. ऐकलं होतं फक्त.

काकांनी मूठ उघडली. दांडी त्यांच्या घामाने ओलसर झाली होती. बाईने ती पुसली, वाकड्या सळईच्या टोकाला टोचली, फटीतून आत नेली आणि पहिल्या खुणेवर उभी केली. घोडी सरळ केली, तारा ताणल्या. छोटीने गज घेतला.

काका खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे होते.

तिने खालची तार वाजवली. मग वरची.

"नाही," काका म्हणाले.

तारा उतरवल्या. सळई आत गेली. आतून लाकूड लाकडाला घासल्याचा आवाज आला आणि छोटीच्या दातांत शिरशिरी आली. तारा चढल्या.

"नाही. जाड होता तो. खालची तार इथे लागायची." त्यांनी छातीवर हात ठेवला.

तिसऱ्या जागी छोटीने गज ठेवला आणि तिला काहीतरी वेगळं वाटलं. ते कानाला नव्हतं, हाताला होतं. बाबांच्या चेलोवर ती नेहमी ढकलायची, खांदा लावायची; आवाज त्यांचा यायचा पण खांदा तिचा भरायचा. इथे गज आपला आपण चालला. वरच्या तारेचा स्वर बारीक, उजळ निघाला.

"नाही," काका म्हणाले. "हा तर अजिबातच नाही. पुढची खूण."

चौथ्या जागी आवाज जाड झाला, पण सर्दी झाल्यासारखा. बाहेर बोळात पावलांची वर्दळ वाढली होती. कुणीतरी दार उघडून डोकावलं, किती मिनिटं उरली ते बोटांनी दाखवलं, गेलं.

दुरुस्तीवालीने सळई खाली ठेवली. "अजून एकदा हलवेन. त्यापुढे नाही. फळी आतून मऊ असते, किती ओरबाडायची? आणि आणखी एक: आत्ता एवढी चढ-उतार झाली आहे, तारा स्वर धरणार नाहीत. स्टेजवर उतरत राहतील. जितका हात लावू तितक्या जास्त."

"पाचवी खूण," काका म्हणाले.

"तिसरी," छोटी म्हणाली.

काकांनी डोळे उघडले.

"तिसरी त्याची नव्हती. मी सांगतो ना तुला! चाळीस वर्षं ऐकलंय मी त्याला."

"त्यांची नव्हती. मला कळलं." तिने गज मांडीवर आडवा ठेवला. "काका, तो आवाज गेला. मी घालवला, हे मला जन्मभर पुरेल. पण आज वाजवायचं मला आहे. तिथे माझा हात चालतो."

बाईने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा छोटीकडे, आणि सळई उचलली. काकांनी व्हायोलिनची पेटी काखेत मारली आणि ते खोलीबाहेर गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या खुणेवर दांडी उभी राहिली. दुरुस्तीवालीने हत्यारं गुंडाळली, छोटीच्या खांद्यावर थोपटलं, शिंकली आणि गेली. काकूंनी जुन्या पियानोवर एक स्वर धरला. छोटीने तार लावली. क्षणभराने ती उतरली. पुन्हा लावली.

"काकू, ते नाही आले तर?"

"येतील."

"पण नाही आले तर?"

"तर आपण दोघी जाऊन काय वाजवायचं ते मी ठरवून ठेवलंय. लाव तार."

छोटीने दाराकडे बघत तार लावली. तिला एकाएकी दिसायला लागलं: काकांची रिकामी खुर्ची, पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघताहेत. पाण्याची बाटली उघडली तर झाकण हातातून निसटून पियानोखाली गेलं. बाहेर पहिली घंटा झाली.

दार उघडलं. काका व्हायोलिन गळ्याखाली लावूनच आत आले.

"संथ भाग. आपण दोघं एकत्र सुरू करतो तिथून."

"वेळ..."

"वाजव."

तिने वाजवलं. काकांचा गज नेहमीसारखा वरून उतरला, जड, भरघोस, आणि दुसऱ्याच ओळीत तिचा स्वर त्याखाली दिसेनासा झाला. काका थांबले.

"तुझा आवाज बारीक आहे."

"हो."

"मी असा वाजवला तर तुला गिळून टाकीन."

"हो."

"मग सांगत का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

"मी सांगते," काकू पियानोवरून म्हणाल्या. "चाळीस वर्षं सांगतेय, जरा कमी दाबा."

"तू गप गं. त्याच्यापुढे दाबलं नसतं तर मी कुणाला ऐकूच आलो नसतो." त्यांनी गज झटकला, बोटांची पकड बदलली, पुन्हा बदलली. कुणीतरी नवीन चप्पल घालून उभं राहावं तसे उभे राहिले. "पुन्हा. तू पुढे जा. मी बघतो कुठे बसतोय ते."

ते चार वेळा वाजवून बघेपर्यंत दुसरी घंटा झाली. नीट जमलं नव्हतं. एकदाही नाही.

सभागृह अंधारात होतं आणि खोकत होतं. पहिला भाग वेगाचा. छोटीला त्यातलं नंतर काहीच आठवणार नव्हतं. तिचा सगळा जीव तारांत अडकला होता. त्या खरोखरच उतरत होत्या. तारेवर बोट असलं की बोट केसभर वर घेऊन भागत होतं, आणि ती तसं घेत होती. पहिला भाग संपल्यावर तिने घाईने तार लावून घेतली. संथ भाग सुरू झाला.

काकांनी कमी दाबलं. जवळजवळ नाहीच दाबलं. त्यांना इतकं हळू वाजवताना छोटीने कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा गज मधूनच थरथरत होता, पण ते थांबले नाहीत.

मग ती जागा आली, जिथे पियानो गप्प होतो आणि चेलोने सगळ्यात खालची मोकळी तार लांब धरून ठेवायची असते. मोकळी तार म्हणजे तिच्यावर बोट नाही, आणि बोट नाही म्हणजे सावरायला जागाही नाही. तिने गज ठेवला आणि तिला कळलं, तार उतरली आहे. थोडीशीच. पण वरून आता काकांचा स्वर येणार होता, बरोबर, चोख, आयुष्यभर जसा आला तसा. आणि त्या दोघांमधला तो केसभर फरक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणार होता. गज ओढत राहण्यावाचून तिला काही करता येत नव्हतं. तिने मान वर करून काकांकडे पाहिलं.

काकांनीही ऐकलं होतं. ते तिच्याकडेच बघत होते. त्यांचं बोट तारेवर टेकलं, आणि टेकता टेकता किंचित खाली सरकलं. त्यांनी आपला स्वर उतरवून तिच्या स्वराला लावला.

दोघांचा मिळून एक स्वर झाला. तो चूक होता आणि एक होता. पियानोला असं उतरता येत नाही; आता काकूंचा पियानो यायच्या आत, पुढच्या दोन ओळींत, दोघांना बरोबरीने हळूहळू वर चढायचं होतं. काकांनी भुवई उचलली. छोटीने बोट तारेवर ठेवलं आणि पहिलं पाऊल टाकलं.